विजापूरचा गोलघुमट नीट कसा बघायचा: पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचा सगळा प्लॅन

आपल्याकडचे बरेच लोक विजापूर करतात ते सोलापूर-अक्कलकोट-पंढरपूरच्या ट्रिपला जोडून. सकाळी दर्शन उरकायचं, गाडी काढायची, अकरा-बाराला गोलघुमटावर पोचायचं, धापा टाकत सात मजले चढायचे, वर आधीच दोन शाळांच्या सहली आलेल्या असतात, त्या कल्लोळात आपणही एकदा ओरडून घ्यायचं, फोटो काढायचा आणि जेवायला पळायचं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ही इमारत शांततेत ऐकायची आहे आणि मान वर करून तिचे कोपरे बघायचे आहेत, आणि या दोन्ही गोष्टी त्या गर्दीत होतच नाहीत. म्हणून हा लेख. यात सांगितलेला क्रम पाळलात तर एका दिवसात गोलघुमट आणि इब्राहिम रोजा (दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर) हे दोन्ही व्यवस्थित होतात आणि मधलं शहरही बघून होतं.

जायचं कधी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर ऊन वाढत जातं आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा दुपारी दगडावर पाय ठेवता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत हवा छान असते पण तोच शाळांच्या सहलींचा सीझन, त्यामुळे शक्य असेल तर मधला वार पकडा, शनिवार-रविवार टाळा. शुक्रवारही टाळा असं मी सांगेन, कारण त्या दिवशी म्युझियम बंद असतं आणि जामा मशिदीत दुपारी जुम्म्याची नमाज असते, म्हणजे दोन ठिकाणी तुमचा प्लॅन अडतो.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

सोलापूरहून विजापूर साधारण १०० किलोमीटर. रस्ता चांगला आहे, दोन तासांत आरामात पोचता. सोलापूरहून एसटी आणि कर्नाटकच्या बसेस दोन्ही आहेत, रेल्वेही आहे. सांगली-मिरजेकडचे लोक जतमार्गे येतात. एक गोष्ट लक्षात ठेवा, शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून विजयपुरा आहे, त्यामुळे रेल्वेचं तिकीट काढताना, मॅपवर शोधताना आणि बसच्या पाटीवर तेच नाव बघा. बसच्या पाट्या बऱ्याचदा फक्त कन्नडमध्ये असतात, पण कंडक्टरला विचारलं की काम होतं. मराठी समजणारे लोक भरपूर भेटतात, नाहीतर हिंदी आहेच.

आदल्या रात्री मुक्कामाला या. या सगळ्या लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला, कारण त्याच दिवशी सकाळी सोलापूरहून निघून तुम्ही कितीही लवकर आलात तरी ती पहिली शांत वेळ हातातून गेलेली असते. गोलघुमट शहराच्या पूर्व टोकाला, रेल्वे स्टेशनच्या जवळ आहे आणि बसस्टँड बरंच पश्चिमेला, किल्ल्याच्या बाजूला. स्टेशन रोडच्या आसपास लॉज घेतलं तर सकाळी चालत जाता येतं.

बॅगेत काय हवं ते पटकन सांगतो: पाण्याची बाटली, छोटी टॉर्च किंवा मोबाइलची बॅटरी फुल, जाड मोजे (जिथे चपला काढायच्या तिथे तापलेल्या दगडावर यांची किंमत कळते), आणि खांदे-गुडघे झाकणारे कपडे, कारण या सगळ्या शेवटी कबरी आणि मशिदी आहेत. ट्रायपॉड आणि ड्रोन घरी ठेवा, त्याला पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते.

गोलघुमट: उघडल्या उघडल्या आत

सकाळी उजाडताच गेटवर हजर राहा. तिकीट किरकोळ आहे, पुरातत्त्व खात्याच्या या दर्जाच्या स्मारकांना भारतीयांसाठी २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर २०, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. ऑनलाइन आदल्या रात्रीच काढून ठेवा, म्हणजे खिडकीवर कोणी नसेल तरी तुमचं अडत नाही.

आत शिरलात की समोर आधी नगारखाना लागतो, त्यातच म्युझियम आहे, पण ते उशिरा उघडतं, ते परत येताना. घुमट त्याच्या मागे. इथे घाई न करता बागेत थोडं लांब उभं राहून इमारतीचा आकार समजून घ्या: एक प्रचंड चौकोनी खोका, बाहेरून प्रत्येक बाजू साधारण ४७ मीटर, चार कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे आणि वर अर्धगोल घुमट. भिंतीच्या वरच्या भागात जो दगडी छज्जा बाहेर आलाय तो साडेतीन मीटरच्या आसपास पुढे आहे, खालून तेवढा वाटत नाही. घुमटाच्या बुडाशी कमळाच्या पाकळ्या कोरल्यात, त्यातून घुमट उमलून वर आल्यासारखा दिसतो.

ही कबर मोहम्मद आदिलशहाची. त्याची कारकीर्द १६२७ ते १६५६, म्हणजे आपल्या इतिहासाच्या हिशेबाने बघायचं तर १६३६ नंतर शहाजीराजे ज्याच्या नोकरीत होते आणि शिवाजी महाराजांनी ज्याच्या मुलखातले किल्ले घ्यायला सुरुवात केली तोच हा आदिलशहा. कारकिर्दीच्या सुरुवातीलाच त्याने स्वतःच्या कबरीचं काम काढलं आणि तो गेला तेव्हाही ते पूर्ण झालं नव्हतं. बारीक नक्षीकाम फारसं दिसत नाही त्याचं एक कारण हे. स्थपती म्हणून दाभोळच्या याकूतचं नाव सांगितलं जातं, आपल्या कोकणातलंच दाभोळ. दक्षिण दरवाज्यावर फारसी लेख आहे, तीन ओळींचा, आणि प्रत्येक ओळीच्या अक्षरांना ठरलेले आकडे धरून बेरीज केली की हिजरी १०६७ हे मृत्यूचं साल निघतं. तो शोधा, वर बघितल्याशिवाय दिसत नाही.

आता आत गेलात की बहुतेक लोक सरळ जिन्याकडे पळतात. तुम्हीही आधी वर जा, पण कारण वेगळं: वर घुमटाच्या आतून गोल फिरणारी, आवाज घुमवणारी जी गॅलरी आहे ती जितक्या लवकर गाठाल तितकी रिकामी मिळेल. खालचा हॉल गर्दीतही बघता येतो, गॅलरी गर्दीत ऐकता येत नाही.

जिना

वर जायची वाट कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून आहे, कुठला मनोरा चढायला आणि कुठला उतरायला उघडा आहे ते तिथला माणूस सांगतो. जिना अरुंद, गोल फिरणारा, पायऱ्या उंच आणि काही ठिकाणी झिजून गुळगुळीत झालेल्या, मध्ये मध्ये अंधार. प्रत्येक मजल्यावर कमानी आहेत, तिथे थांबून दम घ्या, वाराही मस्त येतो. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी हट्ट करू नये. आई-बाबांना खाली हॉलमध्ये बसवा, त्यांना खालूनही खूप बघण्यासारखं आहे आणि वरून तुम्ही काय बोलताय ते त्यांना ऐकूही येतं. लहान मुलांचा हात सोडू नका, जिन्यातही आणि वर गच्चीवर तर अजिबात नाही.

जिना संपतो तो गच्चीवर, घुमटाच्या बुडाशी. पूर्ण चक्कर मारा, इथून सगळं शहर दिसतं, पश्चिमेला लांब इब्राहिम रोजाचे मिनार ओळखता येतात का बघा. मग घुमटात शिरायचे छोटे दरवाजे आहेत त्यातून आत जा, आणि आत जाताना दोन सेकंद त्या बोळात थांबून दोन्ही हात भिंतींना लावा. तुम्ही घुमटाच्या भिंतीच्या आत उभे आहात, बुडाशी ती जवळजवळ तीन मीटर जाड आहे. बाहेरून घुमटाचा व्यास ४४ मीटर आणि आतून ३८ मीटर, हा फरक म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून ती जाडी. पुस्तकात वाचून हे कळत नाही, त्या बोळात कळतं.

गॅलरीत काय करायचं

आधी काहीच करायचं नाही. गप्प उभं राहायचं. पारव्यांच्या पंखांचा आवाज, खाली कोणाच्या पावलांचा आवाज, कुठेतरी किल्ल्यांचा जुडगा वाजला तर तो, हे सगळं कानाशी येतं. पाच मिनिटं तरी द्या.

मग प्रयोग. दोघं असाल तर एकाने जागेवर थांबायचं, दुसऱ्याने गॅलरीतून अर्धी फेरी मारून बरोबर समोर जायचं. दोघांनी तोंड भिंतीकडे करायचं, भिंतीच्या अगदी जवळ, आणि कुजबुजायचं, नेहमीच्या आवाजात नाही. मध्ये ३८ मीटरची पोकळी आहे आणि तरी शब्द न् शब्द ऐकू येतो, कारण आवाज गोल भिंतीला चिकटून घसरत घसरत फिरून येतो, पसरून विरत नाही. कागद फाडून बघा, नाणं नखाने वाजवून बघा. अगदी बारीक आवाजात हे जास्त खुलतं.

टाळीचा प्रकार वेगळा. गॅलरीत भिंतीजवळ एकच टाळी वाजवा, एकच, आणि थांबा. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो, म्हणजे जाऊन-येऊन ७६ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर धरला तर दर वेळी सेकंदाचा पाचवा भाग किंवा किंचित जास्त लागतो. म्हणून प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून न जाता एकामागून एक वेगळे मोजता येतात. गाइड सात सांगतात, कोणी दहा सांगतात, तुम्ही स्वतः मोजा. पण दुसऱ्याने टाळी वाजवली की ही मोजणी गेली, म्हणून लवकर यायचं.

आणि कृपा करून किंचाळू नका. मुलांना एकदा हाक मारू द्या, त्यांचा आनंद मोठा असतो, पण ही एका माणसाची आणि त्याच्या घरच्यांची दफनाची जागा आहे, आणि शिवाय ओरडल्यावर नुसता गोंगाट होतो, गंमत कुजबुजण्यातच आहे. भिंतीवर नावं कोरणाऱ्यांबद्दल काय बोलावं, साडेतीनशे वर्षांच्या चुन्याच्या गिलाव्यावर बाण आणि बदाम काढलेले बघून अक्षरशः रडू येतं. तुमच्यासोबतचं कोणी करत असेल तर तिथल्या तिथे थांबवा.

खाली उतरल्यावर: कोपरे बघा

हॉल आतून एका बाजूला ४१ मीटरच्या आसपास, जवळजवळ १७०० चौरस मीटर, मध्ये एकही खांब नाही. गाइड तुम्हाला जगातला दुसऱ्या नंबरचा घुमट वगैरे सांगतील. रोमच्या पॅन्थिऑनचा घुमट ४३ मीटरचा आणि सेंट पीटरचा ४२ च्या आसपास, त्यामुळे नंबराच्या भानगडीत पडू नका. पण एका घुमटाखाली झाकलेली जमीन पॅन्थिऑनपेक्षा इथे जास्त आहे, आणि ते कसं जमवलं ते बघणं हीच इथली खरी मजा.

मधल्या चौथऱ्याजवळ उभे राहा आणि वर, एका कोपऱ्याकडे बघा. प्रश्न असा होता की खाली चौकोन, वर गोल, मग चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर घुमट टेकवायचा कशावर? इथे भिंतींपासून आठ मोठ्या कमानी निघतात आणि एकमेकींना छेदत जातात, जसे दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवावेत तसे. एक कमान डोळ्यांनी पकडा, ती बुडापासून वर जाताना शेजारच्या कमानीला कुठे कापते ते बघत जा. कापाकापी होत होत वर पोचेपर्यंत चौकोनाचा अष्टकोन झालेला असतो आणि जागा आतल्या बाजूला सरकलेली असते. त्या सरकलेल्या भागावरच गॅलरी आहे, सव्वातीन-साडेतीन मीटर रुंद, आणि तिच्या बाहेरच्या कडेला घुमट. घुमट आपल्या वजनाने भिंतींना बाहेर ढकलतो, आणि कोपऱ्यांत आत झुकलेलं हे सगळं बांधकाम आपल्या वजनाने आत ओढतं, म्हणून दोन्ही जोर एकमेकांना तोलतात. तेही विटा आणि चुन्यात, लोखंडाशिवाय. एक कोपरा समजला की बाकीचे तीन आपोआप समजतात. मला विचाराल तर हे बघायला गॅलरीइतकाच वेळ द्या.

चौथऱ्यावर लाकडी छताखाली ज्या कबरी दिसतात त्या वरच्या खुणा आहेत, खऱ्या कबरी खाली तळघरात. मोहम्मद आदिलशहा, त्याच्या बेगमा, रंभा नावाची नर्तकी, मुलगी आणि नातू अशी मंडळी इथे आहेत. चौथऱ्यावर पाय टाकून बसू नका.

एवढं होईपर्यंत दोन-अडीच तास जातात आणि म्युझियम उघडायची वेळ होते. शिलालेख, शस्त्रं, चिनी भांडी, गालिचे, लघुचित्रं असं आहे, फार मोठं नाही, अर्धा तास पुष्कळ. मग नाश्ता. बाहेर पडून इडली-वडा कुठेही मिळतो.

मधला भाग: पूर्वेकडून पश्चिमेकडे

विजापूरची सोय अशी की गोलघुमट पूर्वेला, इब्राहिम रोजा तटाबाहेर पश्चिमेला, आणि बाकीचं बहुतेक सगळं या दोघांच्या मध्ये. म्हणजे सकाळी एका टोकाला सुरू करून उन्हाबरोबर सरकत संध्याकाळी दुसऱ्या टोकाला पोचायचं. रिक्षा दिवसभराची ठरवून घ्या आणि ठिकाणांची नावं आधीच मोजून सांगा, नंतर वाद नको. टांगा मिळाला तर मधल्या पट्ट्यापुरता जरूर घ्या.

जामा मशीद आधी. पहिल्या अली आदिलशहाने १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर बांधायला घेतलेली, आजही नमाज होते. चपला बाहेर, आवाज हळू, नमाजाच्या वेळी बाजूला थांबा. आतल्या जमिनीवर नमाज पढणाऱ्या एकेका माणसापुरत्या चौकटी आखल्यात, साधारण २२५०, आणि त्या औरंगजेबाच्या काळातल्या असं सांगतात. सोनेरी रंगकामाचा मेहराब (नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा) बऱ्याचदा पडद्याआड असतो, तिथल्या माणसाला नीट विचारलं तर दाखवतात.

तिथून किल्ल्याकडे जाताना मेहतर महाल लागतो, पाच मिनिटं थांबून फक्त त्याचे दगडी सज्जे आणि त्यांना तोललेल्या कोरीव तिरक्या पट्ट्या बघा, लाकडात कोरावं तसा दगड कोरलाय. आसार महाल बाहेरून बघितला तरी चालतो, आत बायकांना सोडत नाहीत. गगन महालाची मधली कमान प्रचंड रुंद आहे. सप्टेंबर १६८६ मध्ये शेवटचा आदिलशहा, सिकंदर, औरंगजेबाला शरण गेला, त्याला चांदीच्या बेड्या घालून याच जागी आणला होता असं सांगतात. जवळच बारा कमान, दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर, नुसत्या काळ्या कमानी उभ्या. अफजलखानाला महाराजांवर धाडलं ते याच अलीच्या कारकिर्दीत.

जेवण या पट्ट्यातच उरका. एखाद्या खानावळीत ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, दही. आपल्या सोलापूरकडच्या जेवणाशी जवळचं आहे, त्यामुळे पोटाला त्रास नाही.

दुपारी उपळी बुरुज (बाहेरून फिरत जाणारा जिना, वर लांबलचक तोफा) आणि मग मुलूख मैदान तोफ. ही तोफ आपल्या अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली, निजामशाहीची, तिथून फिरत फिरत परांड्याच्या किल्ल्यात आणि मग १६३२ मध्ये विजापुरात. वजन ५५ टन सांगतात, लांबी साडेचार मीटरच्या आत. तोंडाजवळ वाकून बघा: सिंहाने जबडा उघडलाय आणि त्याच्या दातांखाली हत्ती चिरडलाय. मराठी माणसाने या तोफेला चुकवू नये.

इब्राहिम रोजा: चारच्या आत पोचा

तिथे सूर्यास्ताला बंद करतात आणि उन्हाची तिरीप दगडी जाळ्यांवर पडते ती चार ते साडेपाचच्या दरम्यान, म्हणून ही वेळ. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची ही जागा, मुळात राणी ताज सुलतानासाठी सुरू केलेली, पण तिच्याआधी तोच गेला, १६२७ मध्ये. दरवाज्यातून आत गेल्यावर एकाच उंच चौथऱ्यावर डावीकडे कबर, उजवीकडे मशीद, मध्ये हौद. कबरीकडे आधी जा.

गोलघुमटात जे नाही ते सगळं इथे आहे. कबरीच्या बाहेरच्या भिंतीवर एक वीतही मोकळी सोडलेली नाही, आणि खिडक्यांमध्ये अरबी अक्षरंच आरपार कोरून त्यांची जाळी केली आहे, म्हणजे प्रकाश आत येतो तो अक्षरांच्या मधून. एकच खिडकी निवडा आणि तिच्यापाशी बसा. आतल्या खोलीचं छतही बघा, सपाट दगडी छत, जवळपास बारा मीटर रुंद खोलीवर, खाली आधार दिसत नाही. बांधकामावर देखरेख मलिक संदलची, लेखात त्याचं नाव आणि दीड लाख होनांच्या आसपासचा खर्चही दिलाय. ताजमहालाची प्रेरणा इथून घेतली असं गाइड हमखास सांगतात. ताजचं काम १६३२ चं, म्हणजे हा आधीचा हे खरं, पुढचं तुम्ही दोन्ही बघून ठरवा.

वेळ कमी असेल तर

अर्धाच दिवस असेल तर पहाटे गोलघुमट, मग सरळ रिक्षाने मुलूख मैदान आणि इब्राहिम रोजा, बाकी सोडा. दोन दिवस असतील तर दुसरा दिवस ताज बावडी, जोड घुमट आणि तटाच्या बाजूने चालायला ठेवा. परत सोलापूरला जायची बस पकडायची असेल तर रोजापासून बसस्टँड जवळ आहे, पण शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच विचारून ठेवा.